सन्माननिधी प्रत्यक्ष कसणाऱ्यालाही मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पीएम किसान'चे वर्षाला ६,००० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या 'नमो शेतकरी महासन्मान निधी'चे आणखी ६,००० रुपये पात्र शेतकरी कुटुंबाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने थेट जमा होतात. मधल्या कोणाचे हात ओले करावे लागत नाहीत, ही या योजनांची जमेची बाजू मी मनापासून मान्य करतो. परंतु आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्याचे शेत मक्त्याने (ठरलेली रोख रक्कम देऊन) किंवा बटईने (पिकाचा वाटा देऊन) करणारा शेतकरी या दोन्ही योजनांच्या बाहेर राहिला आहे, कारण पात्रता सातबाऱ्यावरील नावावरून ठरते.

पाडवा ते अक्षय तृतीयेच्या दरम्यान एकरी दर ठरतो, बरीचशी रक्कम पेरणीआधीच मालकाच्या हाती द्यावी लागते आणि कागद बहुधा होतच नाही, कारण कुळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायमचा हक्क लागेल, ही धास्ती मालकाच्या मनात असते. कुळ कायद्याने जमिनी गेलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांची ती धास्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र कपाशीचे बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी हा सारा खर्च मक्तेदार करतो, तोही कृषी केंद्रातून उधारीवर माल उचलून. आणि हप्ता जमा झाल्याचा संदेश मात्र नागपूर-पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या मोबाइलवर येतो. अतिवृष्टीची मदत मिळते तीही सातबाऱ्यावरील नावानेच. पीकविम्याचे दार मक्तेदाराला उघडे आहे खरे, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार हवा, आणि तोच तर कोणी करून देत नाही.

यातून मार्ग निघू शकतो. ओडिशाने शेतकऱ्यांना आर्थिक मदत देणारी 'कालिया' योजना आणली तेव्हा बटईदारांना आणि भूमिहीन शेतमजुरांनाही तिच्यात स्थान दिले. निती आयोगाने नेमलेल्या, डॉ. टी. हक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्येच आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला असून, मालकी हक्काला धक्का न लावता कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि आपत्तीची मदत मिळावी, हाच त्याचा गाभा आहे. त्याच धर्तीवर एका हंगामापुरत्या मक्त्याची नोंद तलाठी कार्यालयात विनाशुल्क व्हावी आणि अशा नोंदीमुळे कुळाचा हक्क निर्माण होणार नाही, हे कायद्यातच स्पष्ट लिहावे.

'पीएम किसान'चे निकष केंद्राच्या हाती आहेत, हे उत्तर 'नमो'ला लागू पडत नाही. तो पैसा राज्याचा आहे आणि केंद्राची लाभार्थी यादी जशीच्या तशी घेण्याचा निर्णयही राज्याचाच आहे. येत्या अधिवेशनात शासनाने निदान या एका निधीपुरते कसणाऱ्याचे नाव यादीत घ्यावे आणि मक्त्याच्या नोंदीचा नियम पाडव्यापूर्वी, म्हणजे पुढील हंगामाचे व्यवहार ठरण्याआधी, लागू करावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ