विहिरी बुजवून बोअर किती खोल मारणार?

संपादक साहेब, नमस्कार. मी बेळगाव तालुक्यातला. आपल्याकडं पाऊस काय कमी पडत नाही हो, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला तर धो धो कोसळतो, पण तो वाहून जातोय आणि उन्हाळ्यात आमची बायकामाणसं टँकरची वाट बघत बसतात. काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत साठतं, त्यात जो तो बोअर मारतोय आणि ऊस तर वर्षभर पाणी पितो. शहराला राकसकोप, हिडकल धरणांचं पाणी येतं, तरी १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीची विहीर बघा, तशा जुन्या विहिरींतला गाळ पावसाआधी काढा, बुजवू नका, हात जोडून सांगतो.

— एक शेतकरी