जुना 'पॉइंट ब्रेक' शिळा झालेला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साहसी खेळांवरच्या चित्रपटांविषयी आलेला लेख वाचला. लेख मन लावून लिहिला आहे, पण 'पॉइंट ब्रेक' या हॉलिवूडपटाबद्दलचं त्यातलं एक विधान खटकलं, म्हणून हे पत्र. लेखकाच्या मते २०१५च्या नव्या आवृत्तीतले थरारप्रसंग इतके पुढे गेले आहेत की १९९१चा मूळ चित्रपट आता जुन्या आठवणींपुरताच उरला आहे. मी गेली बावीस वर्षं नाशिकच्या आसपासच्या कड्यांवर मुलांना प्रस्तरारोहण शिकवतो. दोन्ही चित्रपट अनेकदा पाहिले आहेत आणि माझं मत अगदी उलट आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. लॉस एंजेलिसमध्ये चार जण माजी राष्ट्राध्यक्षांचे मुखवटे चढवून बँका लुटतात. रेगन, कार्टर, निक्सन आणि जॉन्सन. तिजोरीकडे फिरकत नाहीत, काउंटरवरची रोकड उचलतात आणि नव्वद सेकंदांत बाहेर पडतात. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेतला पापास नावाचा मुरलेला अधिकारी म्हणतो, हे सर्फर, म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणारे, असणार. कचेरीत त्याची टिंगल होते, पण नवा आलेला जॉनी यूटा त्याचं ऐकतो आणि ओळख लपवून किनाऱ्यावरच्या पोरांत शिरतो. त्यांच्यातल्या बोधीशी त्याची मैत्री होते आणि टोळीचा म्होरक्या तोच निघतो. ही पार्श्वभूमी कुणी हवेतून काढलेली नाही. त्या काळात बँक दरोड्यांची राजधानी म्हणून लॉस एंजेलिसचं नाव घेतलं जाई. १९९२ या एकाच वर्षी एफबीआयच्या तिथल्या कार्यालयाच्या हद्दीत अडीच हजारांहून जास्त बँका लुटल्या गेल्या.

आता माझा मुद्दा. यूटाला लाटेवर उभं राहता येत नाही. फळी विकत घेऊन तो पाण्यात उतरतो आणि गटांगळ्या खातो. टायलर नावाची मुलगी त्याला वाचवते. मला शिकव म्हणून तो तिच्या मागे लागतो, पण कसा ते पाहा. आधी सरकारी नोंदींतून तिची माहिती काढतो, तिचे आईवडील अपघातात गेल्याचं त्याला कळतं, मग माझेही आईवडील गेले असं तो तिला खोटंच सांगतो. ती विरघळते आणि शिकवायला लागते.

शिकवणाऱ्या माणसाला हा प्रसंग पाहताना दर वेळी पोटात कालवतं. आमच्याकडे नवीन मुलाला दोर बांधला की कड्याला हात लावण्याआधी मी त्याला मागे वळायला लावतो आणि बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, कोण आहे ते नीट बघ म्हणून सांगतो. वर हात सुटला तर तुझं सगळं वजन याच्या हातात येणार. पहिल्यांदा पडून झेलला गेलेला मुलगा खाली येतो तेव्हा त्या दोघांमध्ये जे झालेलं असतं त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. माझ्या पहिल्या तुकडीतली मुलं आज चाळिशीला टेकली आहेत, अजून एकमेकांच्या घरच्या कार्यात पंगती वाढायला उभी असतात. ज्याने दोर धरला त्याचं नावच खोटं निघालं तर? १९९१च्या चित्रपटाचं सगळं काळीज या एका भीतीत आहे. टायलरला यूटाचं खरं रूप कळतं आणि ती त्याचंच पिस्तूल त्याच्यावर रोखते, तो प्रसंग मला समुद्रातल्या कुठल्याही लाटेपेक्षा मोठा वाटतो.

ओळख लपवून काम करणाऱ्या पोलिसाची किंमतही या चित्रपटाने नीट दाखवली आहे. मध्यावर यूटा आणि पापास भलत्याच टोळीच्या घरावर छापा घालतात. गोळीबार होतो, माणसं मरतात, आणि मागाहून कळतं की त्या टोळीत अमली पदार्थविरोधी खात्याचा एक माणूस आधीच वेश पालटून राहिला होता. त्याची सगळी मेहनत एका सकाळी मातीत जाते. तो ज्या संतापाने यूटावर तुटून पडतो ते पाहिलं की या कामात धीर म्हणजे काय ते कळतं. पोलिसी चित्रपटांत छापा यशस्वी होताना आपण नेहमी पाहतो, चुकलेला छापा इतक्या कडवटपणे क्वचितच दिसतो.

पडद्यावरचं शिकणं खरं वाटतं, कारण नट खरोखर शिकले होते. किआनू रीव्ह्ज (यूटा), पॅट्रिक स्वेझी (बोधी) आणि लोरी पेटी (टायलर) या तिघांनी चित्रीकरणाआधी हवाईच्या कौआई बेटावर सर्फिंगचा सराव केला. स्वेझीला विमानातून उड्या मारण्याचा इतका नाद लागला की चित्रपटातली एक उडी त्याने स्वतः मारली आहे. दिग्दर्शन कॅथरिन बिगेलो यांचं, ज्या २०१० साली दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. गल्ल्याबोळांतून, लोकांच्या घरांतून, परसांतून होणारा पाठलाग त्यांनी माणसाच्या छातीच्या उंचीवरून धावत्या कॅमेऱ्याने टिपला आहे. बघणाऱ्यालाही धाप लागते. त्या पाठलागाच्या शेवटी यूटाचा जुना जायबंदी गुडघा दगा देतो, रेगनचा मुखवटा घातलेला बोधी समोर असतो, पिस्तूल हातात असतं, आणि तो आभाळात गोळ्या झाडत ओरडतो. मित्रावर गोळी झाडता येत नाही हे त्याला त्या क्षणी कळतं आणि आपल्यालाही.

चुका आहेतच, त्या मी झाकणार नाही. पॅराशूटशिवाय विमानातून उडी घेऊन यूटा हवेत बोधीला गाठतो आणि दोघं चांगला वेळ वाद घालतात. १३,००० फुटांवरून उडी घेतली तरी छत्री उघडेपर्यंत जेमतेम मिनिटभर मिळतं, आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही.

बोधी या नावाबद्दल मात्र आपल्या वाचकांसाठी लिहायलाच हवं. टायलर सांगते की हे बोधिसत्त्वाचं लघुरूप आहे. बोधिसत्त्व म्हणजे काय हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. स्वतःचं निर्वाण बाजूला ठेवून इतरांना तारायला थांबणारा तो. हा बोधी आपल्या मागून येणाऱ्यांना एकेक करून मरणाकडे नेतो आणि शेवटची लाट एकटा घेतो. मला ही विसंगती जाणूनबुजून ठेवलेली वाटते. स्वेझीने ते पात्र इतक्या मायेने केलं आहे की त्याच्या मागे जाणाऱ्यांचा राग येत नाही, काळजी वाटते.

आता २०१५चा चित्रपट. दिग्दर्शक एरिक्सन कोर यांनी संगणकाच्या करामतीपेक्षा खऱ्या खेळाडूंवर भिस्त ठेवली, याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये पंखांसारखं कापड असलेला पोशाख, घालून केलेली उड्डाणं स्वित्झर्लंडमध्ये खऱ्या माणसांनी केली. व्हेनेझुएलाच्या एंजेल धबधब्याशेजारच्या कड्यावर ख्रिस शार्मासारखा गिर्यारोहक आहे. त्या कड्यावरची पकड मी थांबवून थांबवून पाहिली आहे आणि विद्यार्थ्यांनाही दाखवली आहे. सुरुवातीचा एक दरोडा तर आपल्या मुंबईत घडतो. मोटारसायकलस्वार उंच इमारतीत घुसून हिरे लुटतात, खाली उडी घेतात आणि ते हिरे गरीब वस्तीवर उधळतात. पण त्या वस्तीतल्या एकाही माणसाशी आपली ओळख होत नाही. जुन्या चित्रपटात किनाऱ्यावरच्या दुकानातला पोरगाही लक्षात राहतो.

आणि खरी उणीव यूटाची आहे. हा नवा यूटा पहिल्याच दृश्यात कसलेला मोटोक्रॉसपटू, म्हणजे खडबडीत वाटांवर मोटारसायकल पळवणारा खेळाडू आहे. पहिल्या लाटेत तो पडतो आणि बोधी त्याला वाचवतो, एवढं मान्य. पण पुढे लाट, बर्फ, आकाश, कडा, जे समोर येईल ते त्याला जमतंच. कुणी त्याला हाताला धरून शिकवत नाही. न शिकता टोळीत शिरलेला हा पोलीस टोळीचं काही देणं लागत नाही, मग त्याच्या दगाफटक्याचं दुःख कुणाला व्हावं? शेवटी जुना यूटा बोधीची बेडी सोडतो, त्याला लाटेवर जाऊ देतो आणि आपला बिल्ला समुद्रात फेकतो. नवा यूटाही बोधीला जाऊ देतो आणि पुन्हा आपल्या नोकरीवर निघून जातो.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका धबधब्यावर रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, मध्येच अडकलेल्या मुलाला उतरवायला आम्ही गेलो होतो. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, गारठून ओठ निळे पडलेले. खाली आणल्यावर विचारलं, वरचा अँकर, म्हणजे दोर जिथे अडकवतात तो आधार, कुणी लावला? माहीत नाही म्हणाला. कमरेचा पट्टा, म्हणजे हार्नेस, कुणी बांधला? एका दादाने. नाव? तेही माहीत नव्हतं. मोबाइलवर पैसे भरून तो रांगेत उभा राहिला होता. नेणाऱ्यांनी त्याला काही शिकवलं नव्हतं आणि शिकायचं असतं हे त्याच्याही मनात आलं नव्हतं. अशा मुलांच्या हाती आपली पुरवणी पडते. उडी किती उंचावरून मारली हे छापताना ती मारणारा किती दिवस शिकला, कुणाकडे शिकला, हेही छापावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

जाता जाता एक दुरुस्ती. शेवटचा प्रसंग ऑस्ट्रेलियाच्या बेल्स बीचवर चित्रित झाल्याचं लेखात म्हटलं आहे. कथेत तो किनारा बेल्स बीच आहे, पण चित्रण अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या इकोला स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर झालं. मागची सूचिपर्णी झाडं त्या प्रसंगातल्या पावसातही स्पष्ट दिसतात.

आपला,
एक वाचक आणि गिर्यारोहण प्रशिक्षक,
नाशिक