पद्म्या, तुझं नाव रशियात सापडलं

प्रिय पद्म्या,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून सरळ लिहायलाच बसलो. अरे तुझं नाव रशियात सापडलंय, खरंच! व्होल्गाच्या खालच्या अंगाला, कॅस्पियनजवळ काल्मिकिया म्हणून प्रांत आहे, एलिस्ता राजधानी, तो बुद्धिबळवाला किरसान इल्युमझिनोव, जागतिक बुद्धिबळ महासंघाचा माजी अध्यक्ष, तिथलाच. हे लोक मूळचे ओइरात मंगोल, सतराव्या शतकात गुरंढोरं घेऊन तिकडे गेले, धर्माने बौद्ध. आणि त्यांच्यात बदमायेव आडनाव आहे. बदमा म्हणजे आपलं पद्म! संस्कृतातून निघून फिरत फिरत तिथवर गेलं, मागे रशियन शेपूट लागलं इतकंच.

मग काय, मी सुटलोच. ओचिरोवमधलं ओचिर म्हणजे वज्र, एर्दनिएवमधलं एर्दनि म्हणजे रत्न, दोन्ही मुळात संस्कृत. दोर्जिएव म्हणजेही वज्रच पण तो शब्द तिबेटी, त्यामुळे ओचिरोव आणि दोर्जिएव अर्थाने सख्खे भाऊ झाले. बसांगोवांचा कुणीतरी पूर्वज शुक्रवारी जन्मलेला असणार, बेम्बेएवांचा शनिवारी, कारण वारावरून नाव ठेवायची रीत, आणि ही वारांची नावंही तिबेटी.

आपल्यात कसं, गावावरून कर लागतं. त्यांच्यात पूर्वी आडनावच नव्हतं, बापाच्या नावावरून माणूस ओळखायचे. पुढे रशियन कागदपत्रांत आडनाव लागायला लागलं तेव्हा बापाच्या नाहीतर आजोबांच्या नावाला ओव, एव, इन जोडून लिहिलं गेलं आणि ते तिथेच थांबलं. म्हणजे बहुतेक आडनावांत एक खराखुरा माणूस बसलाय रे!

आणि मुकोबेनोव ऐक. मूळ अर्थ 'वाईट पोरगा'. नोखाएवमधलं नोखा म्हणजे कुत्रा. मुलं जगत नसली की असं नाव ठेवायचे, म्हणजे वाईट शक्तींची नजर त्याच्यावर पडणार नाही. हे वाचलं आणि मी थांबलोच, कारण आमचे आजोबा धोंडू. आधीची दोन भावंडं गेली म्हणून पणजीने पोराला धोंडा म्हटलं. शाळेत ते नाव सांगायला मला नको वाटायचं, आता त्याचं फार वाईट वाटतं. कुठली ती पणजी आणि कुठली ती गवताळ माळावरची आई, भीती तीच आणि उपायही तोच.

अजून एक. २८ डिसेंबर १९४३ ला स्टालिनच्या सरकारने या अख्ख्या काल्मिक समाजाला फितूर ठरवून मालगाड्यांत कोंबून सायबेरियात धाडलं, ९० हजारांहून जास्त माणसं, थंडीने आणि भुकेने किती गेली, परतायला १९५७ उजाडलं. तिकडे जन्मलेल्या बऱ्याच पोरांना रशियन नावं मिळाली. पण आडनावात पणजोबा तसेच राहिले, ते नाही कुणाला काढता आले.

तुझ्या पणजोबांचं नाव काय होतं रे? काकूंना विचार आणि कळव, त्यांना माहीत असणार.

तुझाच,
सुध्या