सुरूचा पातेरा जाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हापासून किनाऱ्यावर वारा अडवणाऱ्या सुरूच्या झाडांच्या पट्ट्यांचा विषय निघतो तो वादळापुरताच. मातीचे नाव कोणी काढत नाही. रशियात १८९१ च्या दुष्काळानंतर मृदाशास्त्रज्ञ दोकुचायेव यांनी कामेन्नाया स्टेपी या गवताळ प्रदेशात झाडांचे पट्टे लावायला घेतले ते शेतजमीन वाचवण्यासाठी. तिथे पट्ट्याच्या आडोशाला बर्फ साठतो, तो वितळून जमिनीत मुरतो आणि वरची काळी माती उडत नाही. आपल्याला बर्फाऐवजी पातेरा, म्हणजे झाडाखाली गळून पडलेला पाला, साठवायचा आहे.

पुळणीच्या जमिनीत खत धरून ठेवणारे दुसरे काही नाही. घातलेला युरिया आषाढातल्या दोन सरींत खाली निघून जातो. मे महिन्यात जुन्या सुरूखालचा वीतभर पातेरा बाजूला करून पाहा, खालची वाळू काळसर आणि ओलसर लागते. तीच वाळू चार पावले उघड्यावर पांढरी, बोटांतून निसटणारी. असा पातेरा झाडून पेटवला जातो, याचे फार वाईट वाटते.

सुरूच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात आणि त्यातला काही भाग पातेऱ्यातून मातीत उतरतो. मात्र सुरूच्या काड्या लवकर कुजत नाहीत. म्हणून वाडीत चर खणून पातेऱ्याचा एक थर, गिरिपुष्पाचा किंवा करंजाचा हिरवा टाळ एक थर आणि वर शेणकाला असे भरावे. पावसाळ्याआधी भरलेला चर दिवाळीपर्यंत बराचसा कुजलेला असतो.

पट्टा भिंतीसारखा गच्च नको. गच्च पट्ट्यावरून वारा उसळून पलीकडे वाडीतच आपटतो. निम्मा वारा गाळून जाऊ देणारा पट्टा उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत आडोसा देतो, म्हणजे दहा मीटर उंचीला शंभर-दीडशे मीटर. समुद्राकडे केवडा आणि निरगुडी, मागे सुरूच्या दोन-तीन ओळी, रोपे दोन-दोन मीटरवर तिरकस, आणि वाडीच्या बाजूला उंडी, भेंड, करंज. सर्वांत मोठी चूक म्हणजे जळणासाठी खालच्या फांद्या तोडणे. मग बुंध्यांमधून वारा जास्तच जोराने घुसतो आणि पातेरा उडवून नेतो. समुद्राकडे जाणारी पाणंदही पट्ट्यातून सरळ न काढता तिरकी काढावी.

पट्ट्यालगतच्या माडा-पोफळींना सुरूची मुळे उपाशी ठेवतात, ही वाडीवाल्यांची तक्रार खरी आहे. बुंध्यापासून तीन मीटर सोडून, वाडीच्या बाजूने दोन फूट रुंद व तीन फूट खोल चर मारावा. पातेरा भरायचा तो याच चरात. मुळे पुन्हा शिरतात, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी चर उकरून ती तोडावीत. बुंध्याला चिकटून चर मारला तर वादळात झाड उन्मळेल.

रोपवाटिकांना एक विनंती. प्रत्येक पिशवीत जुन्या सुरूखालची मूठभर माती मिसळा. रोप घेणाऱ्यांनीही एखादी पिशवी फाडून मुळांवर तपकिरी, पोवळ्यासारख्या गाठी आहेत का ते पाहावे. गाठी नसतील तर ते रोप नत्रासाठी तुमच्या वाळूवरच अवलंबून राहील, आणि तिच्यात तो मुळातच नाही.

आपला,
एक वाडीवाला, श्रीवर्धन (रायगड)