रिपोर्ट नॉर्मल, पण लहानपणाचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तरुणांच्या आरोग्यावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. अपुरी झोप, बैठं काम, मोबाइल ही कारणं त्यात आली आहेत आणि ती खरीच आहेत. पण मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मला जे वर्षानुवर्षं दिसत आलंय, त्याचा उल्लेख कुठेच सापडला नाही.

जिन्यात जड पाऊल वाजलं की काही मुली बोलता बोलता थांबतात. पाऊल पुढे गेलं की मग वाक्य पुरं करतात. अशाच एकीचं डोकं सतत दुखायचं, छातीत धडधडायचं, मध्यरात्री जाग आली की पुन्हा डोळा लागायचा नाही. रक्त तपासलं, ईसीजी काढला, डोळे तपासले. सगळं नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून गोळ्या लिहून दिल्या गेल्या. पुढे एकदा माझ्या खोलीत बसलेली असताना ती आपणहून बोलली. वडील पिऊन आले की ती धाकट्या भावाला घेऊन पलंगाखाली शिरायची आणि त्याचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडावर हात दाबून धरायची. इतक्या तपासण्या झाल्या, पण लहानपणी घरी काय चालायचं हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

या दोन गोष्टींचा संबंध मी मनानं जोडत नाही. डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेतल्या साडेनऊ हजार प्रौढांची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध केली. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड असे लहानपणीचे सात प्रकार त्यांनी विचारले होते. चार किंवा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन इथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांवर संशोधक आजवर लक्ष ठेवून आहेत. त्यांच्यापैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला, त्यांच्या रक्तात ३२व्या वर्षी दाह दाखवणारी प्रथिनं वाढलेली असण्याचं प्रमाण जास्त होतं. धोका टळला तरी शरीर पहाऱ्यावरून उतरत नाही. ताणाची संप्रेरकं वेळीअवेळी उसळत राहतात, झोप बिघडते, पचन बिघडतं. ‘हल्लीची मुलं नाजूक’ हे वाक्य म्हणूनच मला सहन होत नाही. ज्या वयात दुसऱ्यांनी सांभाळायचं, त्या वयात या मुलींनी घर सांभाळलेलं असतं.

मात्र असे प्रसंग मोजून कुणा एकीचं भविष्य सांगायला जाऊ नये. हे आकडे समूहाचे आहेत, आणि खुद्द अँडा यांनीच पुढे तसं बजावलं आहे. हवाईतील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर यांनी केला. अतिशय बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली सावरली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एखादं तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारीण.

माझ्या त्या मुलीची झोप समुपदेशन सुरू झाल्यावर हळूहळू सुधारली. परीक्षेच्या दिवसांत डोकं अजून दुखतं.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. विशी-बाविशीतला रुग्ण त्याच तक्रारी घेऊन पुन्हा आला, तर सोबतच्या नातेवाइकांना जरा बाहेर बसवा आणि लहानपणी घरचं वातावरण कसं होतं, एवढं विचारा. तो बोलला नाही तर आग्रह नको. पण बोललाच, तर पुढे समुपदेशकाकडे पाठवण्याची सोय आधीच करून ठेवा. महाविद्यालयांनीही समुपदेशकाचं पद कागदावर न ठेवता त्यांना दार लावून बोलता येईल अशी खोली द्यावी. कार्यालयाच्या कोपऱ्यात, चार कारकुनांसमोर, कुठली मुलगी तोंड उघडेल?

आपली विश्वासू,
एक वसतिगृह रेक्टर
(मुलींची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)