सिमेंटचा गिलावा नको

ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या आखणीतून वाढलेल्या धुळ्यात जुन्या दुमजली पेढ्यांची डागडुजी सर्रास सिमेंटने होते. चुन्यात बांधलेली भिंत ओल पिते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, विटांचा भुगा होतो, भिंतीत रोवलेली सागवानी तुळयांची टोकं कुजतात. बाहेरून मात्र सगळं चकाचक! त्याहून घातक म्हणजे रुंद शटरसाठी मधला खांब काढणं. तुळई लवते, तडे जातात आणि मग इमारतच ‘धोकादायक’ ठरते. गिलाव्याला 1 भाग मळलेला चुना, 3 भाग वाळू-सुरखी (भाजक्या विटांची पूड) पुरते. थर पातळ हवा आणि आठवडाभर ओला ठेवावा. महापालिकेने दुरुस्ती परवान्यातच ही अट घालावी.

— एक वाचक, धुळे