कानानं वाचणाऱ्या लेकीस

वाई, रविवार

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "आई, माझं वाचन सुटलंच गं. आता नुसतं ऐकते." बंगळूरच्या बसमध्ये जाता-येता तीन तास जातात, तेवढा वेळ कानात पुस्तक लावून बसतेस, आणि हे सांगताना तुझा आवाज अगदी पडला होता. तेव्हा मी काही बोलले नाही. बाबांच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली होती. पण ते वाक्य दोन दिवस मनातून जाईना, कारण हे खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलंय. तू पहिल्यांदा ॲपवर कादंबरी ऐकलीस तेव्हा मीच म्हणाले होते, "ऐकणं म्हणजे काही वाचणं नव्हे." 28 वर्षं वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या आईनं असं म्हटल्यावर लेकीला ते लागणारच. माझं चुकलं, मुक्ता. ते वाक्य मी मागं घेते.

माझ्या आजीला, म्हणजे तुझ्या पणजीला, अक्षरओळख नव्हती. कागदावर अंगठा उठवायची. चातुर्मासात गावच्या मारुतीच्या देवळात पांडवप्रताप, म्हणजे श्रीधरस्वामींनी ओव्यांत सांगितलेलं महाभारत, लागायचा. रात्री जेवणं आटोपली, भांडी घासून झाली की बायका पोरंबाळं घेऊन येऊन बसायच्या. तात्या लाल रुमाल सोडायचे, पोथीला हात जोडायचे आणि समईच्या उजेडात वाचायला लागायचे. पोथीची पानं सुटी, लांबट. वाचून झालेलं पान पालथं करून पलीकडं ठेवायचं. एका रात्री त्यांच्या बोटांना दोन पानं एकदम आली. तात्या वाचत राहिले, आम्ही ऐकत राहिलो. आजी मागं खांबाला टेकून वाती वळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तात्या, मधलं राहिलं." तात्यांनी पान मागं घेऊन बघितलं, तर खरंच राहिलं होतं. मी तेव्हा तिसरीत असेन. मला वाचता येत होतं आणि मला कळलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं आणि तिला कळलं होतं.

पांडवप्रतापाचे 64 अध्याय, आणि कुठल्या अध्यायात काय येतं ते तिला ठाऊक असायचं. द्रौपदीचं काही आलं की चुलीपुढं दुसऱ्या दिवशी त्यावर तिची स्वतःची मतं असायची, आणि श्रीधरस्वामींशी ती दर वेळी सहमत असायचीच असं नाही. वाचक म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? तरी आमच्या वाचनालयाच्या वर्गणीदारांच्या नोंदवहीत तिचं नाव कधी आलं नसतं, कारण सही करून पुस्तक न्यायला ती आलीच नसती. इतकी वर्षं ती नोंदवही माझ्या हातात होती आणि हा विचार मला निवृत्त झाल्यावर सुचला, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि ज्ञानेश्वरी तरी काय? नेवाशाला ज्ञानदेव बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी आदरानं लिहून घेतलं. शके 1212, म्हणजे सन 1290. समोर श्रोते बसलेत हे धरूनच ते बोलतात, मध्येच त्यांना 'अवधान द्या' म्हणून विनवतात. आपल्या भाषेतला एवढा मोठा ग्रंथ आधी कानांनी घेतला, मग डोळ्यांनी. नवविधा भक्तीतही पहिलं श्रवणच. मग बसमध्ये खिडकीशी बसून ऐकणाऱ्या माझ्या लेकीनं मान खाली का घालावी?

वाचनालयातले एक काका दर शनिवारी यायचे. पुस्तक परत देताना नेहमी म्हणायचे, "आम्हाला आवडलं," नाही तर "आम्हाला नाही जमलं हे." मला वाटायचं, बोलायची पद्धत असेल. एकदा हळदीकुंकवाला त्यांच्या घरी गेले तेव्हा उलगडा झाला. काकू भाकऱ्या थापायला बसल्या की काका पाटावर बसून मोठ्यानं वाचायचे. काकूंचे हात पिठात, लक्ष गोष्टीत. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर मी तारखेचा एकच शिक्का मारत होते आणि पुस्तक मात्र दोघं वाचत होते.

आता दोन गोष्टी रागावून सांगते. एक म्हणजे दीडपट वेग. तूच म्हणालीस की दीडपटीवर लावलं की वर्षाला जास्त पुस्तकं होतात. कशाला गं? चांगला लेखक वाक्य संपवतो तिथं थोडी जागा ठेवतो, चांगला वाचणारा तिथं श्वास घेतो. तेवढी जागा काढून टाकलीस तर नुसती हकिगत उरते. वर्षाअखेरीला ही आकड्यांची यादी लावायची हल्लीची तऱ्हा मला मुळीच पटत नाही. तात्यांनी चातुर्मास तीन आठवड्यांत उरकला असता तर आजी उठून घरी गेली असती. ऐक, पण एकपटीनं ऐक.

दुसरी, ते पीडीएफ. तुमच्या ग्रुपवर आलेलं आख्खं नवं पुस्तक तू मला पाठवलंस, प्रेमानं पाठवलंस, पण मी ते न उघडता पुसून टाकलं. मराठी पुस्तकाची आवृत्ती निघते हजार प्रतींची, कधी त्याहूनही कमी, आणि तेवढ्याही खपायला वर्षं जातात. लेखकानं दोन-तीन वर्षं घालवून लिहिलेलं असं फुकट फिरायला लागलं तर पुढचं कोण लिहील, कोण छापील? वर्गणी भरून ऐक, विकत घे, वाचनालयातून आण. मित्राकडून मागून आणलंस तरी चालेल, ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं.

सगळंच काही कानानं होत नाही, हेही खरं. कोश होत नाही. आपल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. ते जाडजूड खंड तुला आठवत असतील. 'कापूस' शोधायला खंड उघडायचीस आणि तासाभरानं भलत्याच नोंदीत रमलेली सापडायचीस. आता वीसही खंड फोनवर फुकट आहेत. कधी रविवारी उघड आणि तशीच भरकट.

बरं, खरी बातमी अजून सांगायचीच आहे. बाबांचा काचबिंदू वाढलाय. डॉक्टर म्हणतात, आहे ती नजर टिकवायची, गेलेली परत येत नाही. पेपरचे मथळे दिसतात, त्याखालचं दिसत नाही. महिनाभर ते फार गप्प होते. म्हणून गेल्या गुरुवारी मी त्यांना एसटीनं पसरणीचा घाट चढून पाचगणीला आणि तिथून भिलारला नेलं. पुस्तकांचं गाव झालं ना ते, 4 मे 2017 ला सुरू झालं, तेव्हापासून जायचं जायचं म्हणत राहून गेलं होतं. लोकांच्या घरांत, पडवीत, देवळात पुस्तकांची कपाटं. कुणीही यावं, बसावं, वाचावं, पैसे नाहीत. सुरुवातीलाच अशी 25 ठिकाणं होती, दर ठिकाणी वेगळा विषय.

एका घरात चरित्रं होती. बाबांनी कपाटाशी उभं राहून पुस्तकांच्या पाठींवरून नुसता हात फिरवला. मला ते बघवेना. मी एक काढलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि वाचायला लागले. आधी हळू, कारण परक्याचं घर. घरधनीण बाहेर टोपलीतल्या स्ट्रॉबेऱ्या निवडत बसली होती. थोड्या वेळानं बघते तर टोपली घेऊन ती उंबऱ्याशी सरकलेली. म्हणाली, "मोठ्यानं वाचा की, मलाबी ऐकू येऊ दे." दोन तास वाचलं. घसा बसला, तिनं गुळाचा चहा दिला. परतीच्या एसटीत बाबा स्वतःहून बोलले, "त्या माणसानं नोकरी सोडायला नको होती." महिन्याभरात पहिल्यांदा ते कशावर तरी मत देत होते.

तेव्हापासून रोज रात्री वीस पानं वाचते. तुझ्या ॲपवरचीही त्यांना लावून देते, दुपारी मी झोपते तेव्हा. पण त्यांना हवी असलेली जुनी पुस्तकं तिथं सापडत नाहीत. ती मलाच वाचायची आहेत. परवापासून वाचताना फोन शेजारी ठेवून रेकॉर्ड करते, घरापुरतं. पहिलं प्रकरण सोबत पाठवलंय, चाळीस मिनिटांचं आहे. मध्ये एकदा बाबा "थांब, ते परत वाच" म्हणतात, ते मी काढलेलं नाही. उद्या ऑफिसला जाताना ऐक आणि रात्री फोन कर. दुसरं प्रकरण लागायच्या आत बाबांना तुझ्याशी त्यावर बोलायचंय.

तुझी,
आई